तार तुटली, साहेब

मी एक लष्करी दुर्बीण बोलतेय. जनरल एवारिस्तो मोर्कीनींनी मला इटलीतल्या तोरिनो शहरात विकत घेतलं, तेव्हा ते साधे कॅप्टन होते. नजर तीक्ष्ण, मिशा त्याहून तीक्ष्ण. मला रोज रेशमी रुमालानं पुसायचे. बायकोचंसुद्धा इतकं कौतुक केलं नसेल!

पहिलं महायुद्ध लागलं आणि आम्ही सीमेवरच्या कार्सो पठाराच्या खडकांत येऊन पडलो. आमच्या सैन्यात तेव्हा एक रीत होती. हल्ला पुढे ढकला म्हणणाऱ्या जनरलला संध्याकाळच्या आत घरी धाडायचे. 'त्याला टॉर्पेडो लागला,' असं बाकीचे हसून म्हणत. मोर्कीनींच्या आधीचे दोघे असेच गेले होते.

मे महिन्यातल्या एका सकाळी कर्नल फाल्केत्ती धापा टाकत वर आले. दहाला त्यांच्या माणसांना समोरच्या टेकडीवर चढायचं होतं.

"साहेब, पोरांना हल्ल्याआधीची कोन्याक दारू वाटून झाली, पण आपल्या तोफांनी शत्रूची काटेरी तार तुटलेलीच नाही. दोन दिवस द्या. नाहीतर माझे सातशे जण त्या तारेतच अडकून मरतील."

"कोण म्हणतं तुटली नाही?"

"अहो, स्वतःच बघा की!"

मोर्कीनींनी मला डोळ्यांना लावलं. मी जीव तोडून दाखवलं. तार अख्खी होती, काटा न् काटा दिसत होता. ते बराच वेळ बघत राहिले. आता हे नाही म्हणणार, असं मला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. वरिष्ठ होते.

"तुटली, साहेब," मोर्कीनी म्हणाले. "दहाला निघतो."

कर्नलनी हातमोजे चढवले. "मीही पोरांबरोबर जातो. जेवायला माझी वाट बघू नका."

दहाला मोर्कीनी मला डोळ्यांना लावून उभे राहिले. सव्वाअकराला त्यांनी मला खाली ठेवलं.

त्या हिवाळ्यात त्यांना पदक मिळालं, बढतीही मिळाली. मग एक दिवस कर्नलच्या पत्नी, सिन्योरा एर्सिलिया, भेटायला आल्या.

"तुम्ही बघत होतात ना? शेवटी ह्यांना फार त्रास झाला का?"

"धूर फार होता हो, बाई. मला काहीच दिसलं नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि मोर्कीनींचे आभार मानले. मी टेबलावरच होते. धूर कुठला? त्या सकाळी हवा स्वच्छ होती. कर्नल तासभर तारेवर हलत होते.

आता मी एका संग्रहालयात बंद कपाटात आहे. कृपा करून मला बाहेर काढू नका. मी सगळं स्पष्ट दाखवीन, आणि त्यानं कुणीही वाचणार नाही.