दोराची ड्यूटी

अकरा वाजता तंबूत शिरण्यापूर्वी ताईने धाकट्या भावाला एकच अट घातली. "चारपर्यंत मला कोणी उठवायचं नाही. साप आला तर त्याला सांग, चारनंतर ये."

"आणि तू आपणहून उठलीस तर?"

"आपणहून उठणारी बाई दिसते का मी तुला?"

दिसत नव्हती. ताई इस्पितळात नर्स होती. सलग तीन आठवडे रात्रपाळी करून ती सकाळी कामावरून थेट तळ्याकाठच्या या मैदानावर आली होती. तिच्या निळ्या बॅगेत एक फॉर्म होता. अतिदक्षता विभागाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण, दुसऱ्या शहरात, तिथेच राहून. ते पूर्ण केलं की कायमची दिवसपाळी. फॉर्म सोमवारी द्यायचा होता आणि आज शनिवार. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दहा दिवस तीन मुलं कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न होता. धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, एका पायावर तयार होता. ताईचं मात्र मन घेत नव्हतं.

"तू गोदामात खोकी सांभाळतोस," ती म्हणाली होती. "खोकी पळत नाहीत, भांडत नाहीत आणि त्यांना शू लागत नाही."

म्हणून आजची परीक्षा. ती चारपर्यंत झोपू शकली तर फॉर्मवर सही. नाही तर फॉर्म कचऱ्यात आणि रात्रपाळी आहेच.

मामाने तयारी केली होती. गोदामातले लोक त्याला मोजणीमास्तर म्हणायचे ते उगाच नाही. चौकटीच्या कागदावर त्याने अर्ध्या अर्ध्या तासाचे खेळ लिहून आणले होते. पकडापकडी, पाण्यावर चपटे दगड उडवणं, पानं ओळखणं, आंधळी कोशिंबीर, ढगांचे आकार, असं करत थेट चार वाजेपर्यंत. बारा वाजून दहा मिनिटांनी कागद संपला.

"पुढे?" थोरल्या भाचीने विचारलं. ती अकरा वर्षांची होती आणि घरात तिला वकील म्हणत, कारण तिच्यासमोर बोललेला प्रत्येक शब्द पुढेमागे पुरावा म्हणून वापरला जाई.

"ढग परत बघू या."

"ढग तेच आहेत, मामा."

आठ वर्षांचा इंजिन, ज्याला आवाज केल्याशिवाय चालताच येत नसे, तंबूभोवती चौथी फेरी मारत होता. पाच वर्षांची टिकली गवतात बसून एका मुंगळ्याला रागावत होती. पंधरा पावलांवर तंबू होता आणि तंबूत ताई. मामाने कागद उलटा करून पाहिला.

"तू कामावर काय करतोस रे दिवसभर?" वकिलीणबाईंनी विचारलं.

बुडत्याच्या हाती ओंडका लागावा तसं मामाला झालं. तो मांडी घालून बसला आणि त्याने साठामोजणी समजावून सांगायला सुरुवात केली. आधी एका जातीचा सगळा माल एका जागी करायचा. मग मोजायचा. मग चिठ्ठी लिहायची: काय, किती, कुठे, कोणाचं. शेवटी खडूने खूण. खूण नाही तर मोजणी नाही. आणि मोजणी चालू असताना बोलायचं फक्त कुजबुजत, नाही तर आकडा चुकतो. हे शेवटचं कलम त्याने तिथल्या तिथे बनवलं होतं.

पोरांचे डोळे चमकले. मामाने चौकटीच्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडून दिल्या, खडू दिला, आणि गंमत बघत बसला. पाऊण तासात पांढरे खडे त्रेसष्ट, पिसं नऊ, बाटल्यांची झाकणं चार, चपला आठ (जोड्या चार), अशा राशी झाडाखाली लागल्या. इंजिन चवड्यांवर चालत होता. मामाने हे दृश्य पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला जमलंय, असं त्याला वाटलं, आणि तो खरकटी भांडी घेऊन मैदानाच्या टोकाला नळावर गेला.

वीस मिनिटं. फार तर बावीस.

परत येताना त्याला लांबूनच काहीतरी खटकलं. शेजाऱ्यांचा निळा गोल तंबू सकाळी जिथे होता तिथे नव्हता. तो चार हात तळ्याकडे सरकला होता आणि वारा आला की अजून थोडा सरकत होता, जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखा. झाडाखाली नवी रास होती. लोखंडाच्या मेखांची. वर चिठ्ठी: मेखा, एकतीस, गवतात, मामाच्या.

ताईचा तंबू जुन्या पद्धतीचा, जाड कापडाचा. आत दोन खांब, बाकी सगळा भार दोरांवर. सोळा दोर, सोळा मेखा. त्यांतल्या अकरा राशीत होत्या. एक बाजू पोट आत ओढल्यासारखी खपाटीला गेली होती. इंजिन बाराव्या मेखेवर दोन्ही हातांनी लोंबकळत होता.

मामाला ओरडता येत नव्हतं. त्याने भांडी गवतावर ठेवली, धावत जाऊन वाऱ्याच्या बाजूचा कोपऱ्यातला मोठा दोर पकडला आणि मागे रेलला. तंबूने हुश्श करून पोट बाहेर काढलं. आतून ताईचं घोरणं आलं.

"हे काय केलंत?" तो कुजबुजला.

"एका जातीचा माल एका जागी," वकील कुजबुजली. "तूच म्हणालास."

"अगं, पण जी वस्तू कशाला तरी धरून आहे ती हलवायची नसते! ती जागेवरच मोजायची असते!"

"हे तू सांगितलं नव्हतंस."

नव्हतंच. गोदामात ते कोणाला सांगावं लागत नाही. मांडणीचे बोल्ट मोजायचे म्हणून कोणी ते उपटून राशीला लावत नाही. बारा वर्षांत त्याला या नियमाची कधी गरजच पडली नव्हती.

"आधी तो निळा तंबू," तो म्हणाला. "पळा. पण आवाज न करता पळा."

निळा तंबू पाण्यापासून दोन हातांवर असताना त्याचा मालकच समोरून आला. दाढीवाले काका, हातात मासे धरायचा गळ, पायांत मोठे बूट. त्यांनी आपलं घर आपल्याकडे चालत येताना पाहिलं, ते दोन्ही हातांनी थांबवलं आणि मागून आलेल्या दोन मुलांकडे बघितलं.

"हा तुमचा का?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"सकाळी तरी होता."

"मग बारा मेखा तुमच्या. इथे सही करा."

काकांनी गळ खाली ठेवला. पोरगी चेष्टा करतेय का, याचा थोडा अंदाज घेतला. करत नव्हती. त्यांनी चिठ्ठीवर सही केली.

"आणि ठोकू नका हं," इंजिन म्हणाला. "पायाने दाबा. आमची आई झोपलीय."

"अच्छा, म्हणजे नियमसुद्धा आहेत," काका म्हणाले. पण त्यांनी हातोडी काढली नाही. बुटांनी एकेक मेख दाबत राहिले.

तळ्याच्या अंगाची जमीन मऊ होती, म्हणून ताईच्या तंबूच्याही दहा मेखा मुलांनी पायांनी दाबून बसवल्या. मामा आणि मुलांसाठी शेजारीच लावलेल्या छोट्या तंबूच्या आठ टिकलीने राशीतच राहू दिल्या. तिला ती रास आवडली होती. अडलं ते मामापाशी. कोपऱ्यातल्या मोठ्या दोराची जागा खडकाळ होती. तिथे मेख हातोडीशिवाय जाणार नव्हती, आणि ताईच्या डोक्यापासून दोन हातांवर हातोडी चालवणं म्हणजे फॉर्म स्वतःच्या हाताने फाडणं. पाण्याचा भरलेला कॅन बांधून पाहिला. वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला कॅनच घसरत निघाला.

घड्याळात दोनला दहा मिनिटं होती. मामा दोर धरून बसला.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग तळहात लाल झाले. आणि मुलांना परत कंटाळा यायला लागला. हे दोरापेक्षा वाईट होतं, कारण मामा आता जागचा हलू शकत नव्हता. इंजिनच्या घशातून घरघर सुरू झाली होती.

"मी धरू?" टिकलीने विचारलं.

"तुला नाही झेपणार, बाळा."

"दोघं मिळून झेपेल," वकील म्हणाली. तिने उरलेल्या चिठ्ठ्यांतून एक काढली. "दहा दहा मिनिटांची ड्यूटी. मी आणि इंजिन, मग तू. टिकली पेशंटवर लक्ष ठेवेल. आणि ड्यूटी बदलताना रिपोर्ट द्यायचा. आई देते तसा. रिपोर्ट घेतल्याशिवाय कोणी दोर सोडायचा नाही."

मामा काही बोलण्याआधी दोन जोड हात दोरावर आले होते.

"रिपोर्ट?" भाचीने विचारलं.

"काय... दोर ठीक आहे."

"असा नसतो देत. वेळ सांग. वारा सांग."

"दोन वाजून पंचवीस मिनिटं. वारा मध्यम. दोर ताठ."

"घेतला. जा तू, पाणी पी."

मामा पाणी प्यायला. टिकली दर थोड्या वेळाने पोटावर सरपटत तंबूच्या फटीपाशी जाई, आत बघे आणि तशीच सरपटत परत येई. "पेशंट घोरतोय." "पेशंटने कूस बदलली." "पेशंटच्या नाकावर माशी बसली. उठवू?"

"माशीला?"

"हो."

"नको. नोंद कर फक्त."

तीन वाजले. साडेतीन वाजले. दाढीवाले काका दोनदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्या वेळी त्यांनी भीत भीत विचारलं की एखादी ड्यूटी शिल्लक आहे का. वकिलीणबाईंनी त्यांना तीन चाळीसची दिली आणि रिपोर्टमध्ये "बरं चाललंय" म्हटल्याबद्दल झापलं. इंजिनचं तोंड मामाने कौतुकाने पाहिलं. दातांखाली जीभ दाबलेली, पाय खडकाला टेकवलेले, आणि आवाज शून्य. आपण कागदावर लिहून आणलेले सगळे खेळ खेळ होते. हे काम होतं. ते सोडलं तर आई गाडली गेली असती.

चारला पाच मिनिटं असताना तंबूतून हालचाल ऐकू आली.

"पेशंट उठला!" टिकलीला यापुढे कुजबुजवेना.

ताई पडद्यातून बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर चादरीची घडी उमटलेली. तिने घड्याळ पाहिलं. मग दोर पाहिला, दोराच्या टोकाला दोन पोरं पाहिली, झाडाखालची मेखांची रास पाहिली, आणि शेवटी भावाकडे पाहिलं.

मामाला खोटं सांगता आलं असतं. वारा फार होता, मेख निसटली. कोण मोजायला येणार होतं?

"मेखा एकूण छत्तीस," तो म्हणाला. "एकतीस उपटल्या. त्यांतल्या बारा शेजाऱ्यांच्या, त्या सहीनिशी परत. छोट्या तंबूच्या आठ, त्या राशीतच. तुझ्या तंबूच्या अकरा, दहा बसवल्या, एक बाकी. उपटायला मी सांगितलं नाही, पण उपटू नका हेही सांगितलं नाही. चूक माझी."

"कधी?"

"दीडच्या सुमारास."

"तेव्हापासून तुम्ही हा धरून बसलाय?"

"पाळ्या लावल्या होत्या."

ताई इंजिनजवळ गेली. "सोड, राजा. मामा मेख ठोकेल आता."

"नाही सोडणार. रिपोर्ट घे."

"आं?"

"रिपोर्ट घेतल्याशिवाय दोर सोडायचा नसतो. तुला माहीत नाही?"

ताईने दोर हातात घेतला. इंजिनने घसा साफ केला. "तीन वाजून सत्तावन्न. वारा कमी. दोर ताठ. पेशंट उठून उभा आहे आणि विस्कटलेला दिसतो."

"घेतला," ताई म्हणाली.  

मामाने हातोडी उचलली.

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी माझी निळी बॅग आण. आणि पेन."

तिने दोराचा एक वेढा डाव्या मनगटाला दिला, गुडघ्यावर फॉर्म टेकवला आणि वरचं नाव, वॉर्ड, तारीख भरायला सुरुवात केली. मामा शेजारी बघत उभा राहिला. 

"घराला मेखा नसतात, म्हणून सही करतेय," ती न बघता म्हणाली. "दहा दिवसांत छप्पर तरी खाली येणार नाही."

"पण दारांना बिजागऱ्या असतात," वकील म्हणाली. "त्यांचे स्क्रू मोजले नाहीत कोणी अजून."

पेन थांबलं.

"मोजायचे," मामा घाईघाईने म्हणाला, "पण जागेवरच. स्क्रू हलवायचा नाही, दार हलवायचं नाही, काही म्हणजे काही हलवायचं नाही. लिहून घे."

वकिलीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि आईकडे पाहिलं. ताईने मान हलवली आणि फॉर्मच्या खालच्या रेघेवर सही केली.