माहेरवाशिणीचा वाटा

कौशल्याबाईंनी मला दगा दिला असं मी म्हटलं की आमचे घरधनी म्हणतात, "दगा कायचा? त्या तं एक शब्द खोट्या नाई बोलल्या." हेच तर माझं दुखणं आहे. खोटं बोलणाऱ्याचं खोटं त्याच्या तोंडावर फेकून मारता येतं. अर्धं खरं बोलणाऱ्याचं माणसानं काय करायचं?

आम्ही माळी. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला आमचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सणासुदीला झेंडू. टोपली डोक्यावर घेऊन मी नदी ओलांडायची आणि जठारपेठेत विकायची. तिथं खुशालरावांचा बंगला. त्यांची काळी जमीन धामणगावकडे, माझ्या माहेराच्या भागात, गावंच्या गावं त्यांना ओळखणारी, पण राहणं अकोल्यात. कौशल्याबाई त्यांच्या पत्नी. शिकलेल्या, मऊ बोलायच्या, माझ्या हातची मेथी स्वतः निवडून घ्यायच्या. त्यांनीच शाकाहार प्रसारक मंडळ काढलं होतं.

मंडळात पुरुष भाषणं करायचे. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन कोंबडी कापायचे. एक दिवस बाई मला म्हणाल्या, "पार्बता, तू भाजी घेऊन घराघरात जातेस. आमचं म्हणणंही पोचव ना." मी हो म्हटलं. बाईंसारखी बाई आपल्याला काही मागते, याचाच मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

उपदेशानं कोणाचं पोट भरत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून मी लोकांच्या चुलीपाशी बसून पाटवडीचा रस्सा करून दाखवायची. बेसनाच्या वड्या, पण मसाला सगळा मटणाचाच. खोबरं काळपट भाजायचं, कांदा जाळावर, वर लाल तर्री. गडी माणूस नाक पुसत ताटली चाटायचा आणि मग विचारायचा, "बोट्या कुठी हायेत?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुष्कळ घरांत मटण असंच सुटलं.

देवीचं मात्र अवघड होतं. आखाडात मरीमायला बकरा द्यायचा, ही आमची पिढ्यांची रीत. तिथं मी कोहळा सांगायची. हळदकुंकू लावायचं, एका घावात फोडायचा. देवीला तिचं मिळालं, बकऱ्याला त्याचं. शेजारच्या गंगूबाईनं नातवासाठी बकरा बोलला होता. मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "माय, कोहळा दे. पाप लागलं तं मले लागंन." म्हातारीनं दिला. तिचा लेक त्यावरून वर्षभर तिच्याशी बोलला नाही, पण तिनं मला कधी बोल लावला नाही.

या सगळ्यात माझं माहेर गेलं.

आमच्या माहेरी मरीमायच्या बकऱ्याचा वाटा भावकीत घरोघर जातो. पळसाच्या पानात बांधून. दिलेल्या लेकीलाही वाटा असतो, आणि तो भावानं स्वतःच्या हातानं द्यायचा. वाटा घेतला म्हणजे नातं धरलं, परत केला म्हणजे तोडलं. बाईंसमोर मी मांस न खाण्याची शपथ घेतली त्या आखाडात दादा वाटा घेऊन आला, तो मी परत केला. शालिकरामदादा माझा एकुलता एक भाऊ. तो पान हातात धरून दारात उभा राहिला. "वाटा परत देते म्हंजे भाऊ परत देते, हे तुले ठाऊक हाये ना?" मी म्हटलं, "दादा, मले फक्त मटन नको. तू पायजे." तो पान घेऊन तसाच मागं फिरला. त्या दिवाळीला मला न्यायला आला नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही.

मी बाईंच्या ओसरीवर बसून रडले. बाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "मी तुझी बहीण ना? हेच तुझं माहेर समज." त्या दिवाळीला त्यांनी मला चोळीचं कापड दिलं, आपल्या हातानं बांगड्या भरवल्या. या बाईसाठी मी विस्तवावरून चालत गेले असते.

मग खुशालराव डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. आखाड लागला तसं बाई मला म्हणाल्या, "पार्बता, मंगळवारी तुझ्या माहेरी मरीमायजवळ गावजेवण आहे. कांदे, लसूण, आलं, सांबार, सगळं तुझ्या मळ्यातलं आण. तुझ्या भावाशी मी बोललेय. तो तयार आहे."

तो तयार आहे! मी पुढचं विचारलंसुद्धा नाही. दादा तयार आहे म्हणजे गावानं बकरा सोडला, बाईंनी ते करून दाखवलं, असंच मी धरून चालले. ऐन भाजीच्या दिवसांत मी मळा मोकळा केला. हिवाळ्यापासून माळ्यावर जपून ठेवलेले कोहळेही माझ्या मनानं बरोबर घेतले. बेसन दळून घेतलं, मसाला भाजून घेतला. दादाला रस्सा मीच वाढणार होते. धामणगाव रेल्वेला उतरले तर स्टेशनावर चक्क माहेरची बैलांची दमणी उभी. गाडीवान म्हणाला, "शालिकरामभाऊनं धाडली." वाटभर मी त्याला नको नको ते प्रश्न विचारत होते.

गावाशी आलो आणि वास आला. आधी मला वाटलं, शेजारच्या वस्तीत कोणाकडं असेल. मग मरीमायचा कडुनिंब दिसला. त्याला बकऱ्यांची कातडी टांगली होती. खाली चुलाण्यांवर मटणाचे मोठाले गंज रटरटत होते. खुशालराव बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते, आणि कोणीतरी ओरडत होतं, "खुशालरावांकडून मरीमायले बकरे! मत कोनाले?" माझ्या टोपल्या लोकांनी भराभर उतरवल्या. माझा सांबार चिरायलासुद्धा घेतला.

कौशल्याबाईंनी मला बाजूला नेलं. कोहळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"रागावू नकोस पार्बता. निवडणूक आहे. हे निवडून आले की मंडळाचंच बळ वाढेल. मी तरी कुठं खाणार आहे?"

"मले सांगतलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसती आली."

"मग? तुझी नि तुझ्या भावाची भेट व्हावी असं मला नाही वाटत? तुझी बहीण म्हणून गेले, म्हणून तर त्यानं सगळी भावकी आमच्या बाजूला वळवली."

माझं रडणं त्यांनी ऐकून घेतलं होतं, आणि मतं मागायला नेमक्या त्याच वाटेनं गेल्या होत्या. त्यातही आपण माझ्यावर उपकारच केला असं त्यांना खरंच वाटत होतं.

तेवढ्यात दादा आला. किती वाळला होता. मिशा पांढऱ्या झालेल्या. हातात पळसाचं पान, त्यात वाटा. मागं वच्छलावहिनी कुंकवाचा करंडा घेऊन उभी. सगळं गाव आमच्याकडं पाहायला लागलं.

"पार्बते," दादा म्हणाला, "झालं गेलं जाऊ दे. आता तं तुही बाईच बकरे देऊन राहिली. तुले कोन काय म्हनंन? घे. दिवाळीले मी सोता येतो न्याले."

मी दोन्ही हात पुढं केले. पान हातात आलं, गरम होतं. नुसतं तोंडाला लावायचं होतं. मला माहेर पाहिजे होतं, फार पाहिजे होतं. पण मला गंगूबाईचा हात आठवला. मी आज हे खाल्लं तर उद्या म्हातारीला काय तोंड दाखवू? बाईंनी माझं जे केलं तेच मी तिचं केलं असं होईल.

मग माझा राग उसळला. मी वळून बाईंपुढं पान धरलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई, तुमी माही बहीन म्हनून आल्या ना? मंग माह्या बदल्यात हा वाटा तुमी खा."

मला वाटलं, आता सापडली. खाल्लं तर मंडळ गेलं, नाकारलं तर मतं गेली. खुशालराव बाजेवरून अर्धवट उठले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. मग पान हातात घेतलं, एक बोटी उचलली, तोंडात घातली. शांतपणे चावली, गिळली.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

गावानं एकच आरोळी ठोकली. माणसं हसायला लागली, "आपली बाई! आपली बाई!" मी दादाकडं वळले. त्याला तरी आता कळलं असेल की ही बाई कशी आहे.

दादा माझ्याकडं पाहत होता. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"परत देला असता तं येक डाव अजून आलो असतो," तो हळूच म्हणाला. "पन तू माहा वाटा दुसरीले देऊन टाकला. गावादेखत. आता जिनं वाटा खाल्ला तेच माही बहीन."

वच्छलावहिनी माझ्या अंगावरून पुढं गेली आणि तिनं कौशल्याबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं.

मी स्टेशनापर्यंत पायी आले. चिखलात चप्पल रुतत होती, ती हातात घेतली. कोहळे तिथंच राहिले.

खुशालराव निवडून आले. मंडळात मी पुन्हा पाय ठेवला नाही, पण बोलावलं त्या घरी जाऊन पाटवडी अजून करून दाखवते. ती काही मंडळाच्या मालकीची नाही.

दिवाळीला झेंडू घेऊन जठारपेठेत गेले होते. खुशालरावांच्या फाटकाशी टांगा उभा होता आणि टांग्यात दादा. नवं धोतर, मांडीवर खाऊचं गाठोडं. त्यानं मला पाहिलं आणि घोड्याकडं पाहायला लागला. बाई पायऱ्या उतरत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला, अगदी मनापासून. "अगं पार्बता, बघ तरी कोण आलंय!"

मी टोपली उचलली आणि मागं फिरले. फुलं तशीच घेऊन मळ्यात आले. घरधनी मोट सोडून आले. "काय झालं वं? फुलं काहून वापस आनली?"

"दादा आला होता अकोल्यात."

"मंग घरी काहून नाई आनला त्याले?"

"माह्यासाठी नोता आला," मी म्हटलं.