सत्ताविसावा प्रश्न

बोट ओलं करून तिने गठ्ठ्यातला पुढचा फॉर्म ओढला आणि लाल पेन्सिल रकान्यांवरून सरसर खाली सोडली. उत्तरं वाचायची नव्हती. कोणतं उत्तर गैरहजर आहे तेवढंच बघायचं होतं. जनमत पाहणीच्या या कार्यालयात तिला पाठीमागे, आणि आता तोंडावरही, रकानेबाई म्हणत. रिकामा चौकोन दिसला की तो भरल्याशिवाय ती पुढचा फॉर्म उचलत नसे.

आज मात्र पेन्सिल सारखी थबकत होती. एकच पान ती तिसऱ्यांदा तपासत होती. घड्याळात साडेअकरा झाले होते. एक वाजता गाडी येऊन गठ्ठे नेणार होती, आणि पाच वाजता दुसरीच एक मुदत संपणार होती.

"ताई, पाय हलवू नका," पलीकडच्या टेबलावरून टीपकागद म्हणाला. "माझं अक्षर नाचतंय."

टीपकागद हा तिशीतला सहकारी. स्वतः चार शब्द बोलायचा आणि समोरच्याचे चारशे टिपून घ्यायचा. लोकांचा खोकलासुद्धा समासात लिहून आणायचा.

"अक्षर आधीपासूनच नाचरं आहे तुझं. माझ्या पायावर कशाला ढकलतोस?" ती म्हणाली, आणि पाय दुसऱ्या पायाखाली दाबून बसली.

सहा वर्षं दारोदार हिंडून माणसांचा तिचा एक आडाखा पक्का झाला होता. दार सताड उघडणारा माणूस 'सगळं उत्तम' सांगतो, कारण शेजारी ऐकत असतात. अर्धं उघडणारा 'चाललंय आपलं' म्हणतो. साखळी न काढता फटीतून बोलणारा तेवढा खरं सांगतो, कारण त्याला लवकर सुटायचं असतं. राज्यकर्त्यांवर विश्वास आहे का, असं विचारलं की माणूस आधी जिन्याकडे बघतो. महागाईवर भाषण नवरा देतो, पण भाव बायकोला विचारावे लागतात. शेजारी वेगळ्या धर्माचा चालेल का, याला झाडून सगळे 'न चालायला काय झालं' म्हणतात आणि आवाज मात्र खाली आणतात. ही सगळी गंमत ती रोज घरी जाऊन सांगायची, आणि नवरा रोज तिला एकच सांगायचा, "लोकांना तक्रारीशिवाय अन्न पचत नाही. आपल्याकडे काय वाईट आहे?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारपाळी असल्यामुळे सकाळचं वर्तमानपत्र तो मोठ्याने वाचून दाखवी, आणि वाचता वाचता सरकारच्या वतीने उत्तरंही देई. भाव वाढले? जगातच वाढलेत. कारखाना बंद पडला? दुसरा निघेल. यावरून तिच्या भावाशी त्याचं इतकं वाजलं होतं की भाऊ हल्ली तो कामावर गेल्यावरच यायचा.

आणि याच तारेत त्याने मुलीलाही अडवून धरलं होतं.

मुलगी दातांच्या कवळ्या बनवण्यात तयार होती. चोविसाव्या वर्षी तिच्या हातचा दात खऱ्या दाताला लाजवायचा. इथल्या प्रयोगशाळेत तीन महिने काम आणि दोन महिने 'कळवतो', असं चाललेलं. समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. तिकडे म्हातारे जास्त आणि दात कमी, असं ती हसून सांगायची. दोन महिन्यांपूर्वी पत्र आलं तेव्हा बाप म्हणाला, "गरज नाही." तेव्हापासून ती हसून काहीच सांगत नव्हती. "बाबा हो म्हणाले तरच जाईन," एवढं एकदाच म्हणाली. उत्तर कळवायची मुदत आज पाच वाजेपर्यंत होती.

रकानेबाई मुलीच्या बाजूची. तिने ते लपवलं नव्हतं. "जा गं तू, मी आहे ना," असं ती दिवसातून दोनदा म्हणायची, तेही नवऱ्याच्या देखत. त्याच्याशी भांडायचीही. कुलूप लावलेल्या दाराला माणसाला हवा तेवढा जोर लावता येतो.

पुढचा फॉर्म. घरात माणसं तीन. वय सत्तावन्न, बावन्न, चोवीस. पेन्सिल पुढे सरकली आणि मागे आली. व्यवसाय: लिफ्ट दुरुस्ती. पाहणी कार्यालयात नोकरी. दंततंत्रज्ञ. समासात टीपकागदाचं नाचरं अक्षर: 'दारावरची घंटा बंद. दार ठोठावलं.'

घंटा बंद असलेलं लिफ्टवाल्याचं घर या शहरात एकच होतं. गेली दोन वर्षं ती त्याला टोमणे मारत होती.

पाहणीवाल्याने स्वतःच्या घरी जायचं नाही, हा नियम पक्का होता. म्हणूनच तिचा भाग टीपकागदाकडे होता. पण भरलेले फॉर्म तपासताना आपल्या घराचा आपल्याच हाती येऊ नये, असा नियम करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. फॉर्मवर नाव नसतं, मग नातं कुठून असणार, असा सरळ हिशेब. तारीख सोमवारची होती. सोमवारी कोणी आलं होतं हे नवऱ्याने घरी सांगितलं नव्हतं.

नियमाने तिने फॉर्म साहेबांना परत द्यायला हवा होता. तिने तो टेबलाच्या कडेशी ओढला, कोपर आडवं ठेवलं आणि कधी नव्हे ती उत्तरं वाचू लागली.

भाव? फार वाढले. हाताला काम? कमी झालं. वर्तमानपत्रात येतं ते खरं वाटतं? नाही. राज्यकर्त्यांवर विश्वास? टीपकागदाने 'थोडा'वर खूण केली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'हसला.' पुढचं वर्ष कसं जाईल? यापेक्षा वाईट.

ती वाचत गेली आणि तिचे कान तापत गेले. परक्या माणसाचा खिसा तपासावा आणि आतून आपलाच रुमाल निघावा, तसं काहीतरी झालं. इथल्या मुलामुलींना इथेच चांगलं काम मिळेल का? नाही.

सत्ताविसावा प्रश्न असा होता: घरातल्या कोणी कामासाठी देश सोडून जावं, असं आपल्याला वाटतं का? हो, नाही, सांगता येत नाही. तिन्ही चौकोन कोरे. त्याखाली 'ब': याबाबत घरात कोणाचं मत वेगळं आहे का? तेही कोरं. समासात लिहिलं होतं, 'उत्तरदाता उठून पाणी प्यायला. मग म्हणाला, पुढचं घ्या.'

"काही राहिलंय का ताई?" टीपकागदाने मान वर केली. "द्या, मी फोन करतो."

"तुझं राहिलं की तूच निस्तरणार, मग तपासणीला मला कशाला बसवलंय?"

"चिडताय कशाला? साहेबांनी एकचा ठोका सांगितलाय."

रिकामा चौकोन सापडला की तपासणाऱ्याने कार्यालयाच्या फोनवरून विचारायचं, प्रश्न शब्दाला शब्द वाचायचा, स्वतःचं काही घालायचं नाही. हा नियम तिला पाठ होता. नवीन आलेल्यांना तीच शिकवायची. फोन खिडकीच्या कट्ट्यावर होता. तिने फॉर्म घेतला, खुर्ची फिरवून सगळ्यांकडे पाठ केली आणि नंबर फॉर्मवर बघून फिरवला. एरवी तो तिला झोपेतही आठवला असता.

"हॅलो."

"नमस्कार. जनमत पाहणीच्या कार्यालयातून बोलतेय. सोमवारी आपल्याकडे आमचा माणूस येऊन गेला. एक प्रश्न राहिलाय."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. कार्यालयाचा हा नंबर त्याच्या फोनमध्ये तिनेच घालून दिला होता.

"बोला बाई," तो म्हणाला.

त्याने 'अगं' म्हटलं असतं तर फोन ठेवता आला असता.

"दोन मिनिटं घेईन आपली."

"घ्या की. हे गुप्त राहतं ना?"

"राहतं. नाव लिहीत नाही आम्ही."

"घरच्यांनाही कळत नाही?"

"नियम तसाच आहे," ती म्हणाली. मग तिने प्रश्न वाचला, शब्दाला शब्द.

"वाटतं," तो म्हणाला. "जावं. 'हो' लिहा."

"नक्की?"

"तुम्ही दोनदा विचारता का सगळ्यांना?"

"नाही," म्हणत तिने 'हो'च्या चौकोनात खूण केली. ती जराशी चौकोनाबाहेर गेली. "पण मग घरी आपण..."

"घरी काय?"

"काही नाही. प्रश्न सत्तावीस ब. याबाबत घरात कोणाचं मत वेगळं आहे का?"

"आहे. बायकोचं."

"त्यांचं काय मत आहे?"

"ती 'जा' म्हणते."

"मग वेगळं कुठे झालं? आपणही 'हो'च म्हणालात."

"बाई, लिहून घेताय की वाद घालताय?" तो क्षणभर हसल्यासारखा वाटला. मग हसू विरलं. "ती तोंडाने म्हणते. पत्र आलं त्या दिवशीच तिचा चेहरा पाहिला होता मी. मागच्या महिन्यात मी माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली होती. संध्याकाळी बघतो तर पुन्हा वर, आणि पुढ्यात जुन्या गाद्या रचलेल्या. मुलीचे कागद साक्षांकित करून आणायचं तिने अंगावर घेतलं, आणि तीन आठवडे ते तिच्याच पर्समध्ये फिरतायत. तिला नकोय हो. पण आईने नको म्हणायचं म्हणजे... लोक काय म्हणतील ते सोडा, तिचं तिलाच पटलं नसतं."

टीपकागदाच्या टेबलावर कागद सळसळला. तिने खिडकीच्या गजाला बोटं लावली. गज तापला होता.

"मग आपण..."

"घरात कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, आपलं तोंड तसंही वाईटच आहे. मेव्हण्याला विचारा." तो खाकरला. "वाटलं, चार दिवसांनी ती स्वतःच बोलेल. मग तिघं बसून काय ते ठरवू. तर दोन महिने झाले. मुलगी माझ्याशी फक्त 'येते' आणि 'आले' एवढंच बोलते."

फॉर्मवर या सगळ्यासाठी दीड इंचाची एक ओळ होती. तिने तिथे पेन्सिल टेकवली आणि तशीच ठेवली.

"आज पाचपर्यंत कळवायचंय पोरीला," तो म्हणाला.

"ते आमच्या प्रश्नांत येत नाही."

"माहितीय. मी आता कामावर निघताना तिला 'जा' म्हणून सांगणार आहे. आधी बायकोला विचारावं म्हणत होतो, तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्हाला काय वाटतं?"

"आम्हाला मत द्यायला मनाई असते."

"अजिबात?"

"अजिबात."

"बरंय तुमचं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला.

दाराशी येऊन साहेबांनी मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं आणि ते आत गेले. नवीन मुलींना आपण काय शिकवतो ते तिला आठवलं: समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, पहिला बोलेल त्याच्या उत्तरात खोट येते. नवरा गप्प होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो असाच दारापलीकडून बोलत असेल, आणि मग थांबून राहत असेल.

"ऐका," ती म्हणाली. फॉर्म तिने पालथा घातला. "मुलीला आपण नका सांगू."

"का?"

"आपल्या पत्नी सांगतील."

पलीकडे वर्तमानपत्र बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो मग. तुमचे अजून बरेच फोन असतील."

त्याने ठेवला. तिने मात्र रिसीव्हर खाली ठेवला नाही. बोटाने कळ दाबली, सोडली आणि दुसरा नंबर फिरवला. हा फॉर्मवर नव्हता.

"हॅलो?" मागे कवळीच्या दातांना आकार देणाऱ्या यंत्राची बारीक घरघर होती. "आई? कार्यालयाच्या फोनवरून? काय झालं?"

"काही झालं नाही. यंत्र बंद कर आणि ऐक."

"बाबा काही बोलले का?"

"बाबांचं राहू दे. मी काय म्हणते ते ऐक." घरघर थांबली. "तू गेलेली मला नको आहे."

कार्यालयात सगळ्यांच्या पेन्सिली चालायच्या थांबल्या असाव्यात. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"पहिल्या दिवसापासून नको आहे. मी 'जा, जा' म्हणत होते ते खोटं होतं. तुझे कागद माझ्या पर्समध्ये आहेत. कालच आणते म्हणाले होते, तेही खोटं होतं."

"आई..."

"मध्ये बोलू नकोस, माझं राहून जाईल. गाडी यायची वेळ झालीय. हे तू आधी ऐकून घे, आणि मग ते पत्र पाठव."

"कुठलं?" मुलीने हळूच विचारलं. "मी दोन्ही लिहून ठेवलीत."

"होकाराचं. पाचच्या आत. कागद मी दुपारच्या सुट्टीत साक्षांकित करून आणते."

"आणि बाबा?"

"त्यांना संध्याकाळी नीट 'आले' म्हण. त्यापुढेही दोन शब्द बोल."

पलीकडे श्वास ऐकू येत होता, यंत्राच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसाचा, जपून सोडलेला.

"तू रडतेयस का?"

"कार्यालयात आहे मी," ती म्हणाली. "तुझं काम खोळंबलं असेल. लाव यंत्र."

यंत्र पुन्हा सुरू झालं. पण दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.