तिसऱ्या तासाची पोटदुखी

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला सल्ले द्यायची भारी हौस असते, आणि नव्याने येणाऱ्याला ते ऐकायला सवड नसते. शाळेच्या नर्स, मोठ्या सिस्टर, निवृत्त झाल्या त्या दिवशी तेच झालं. किल्ल्यांचा जुडगा नव्या सिस्टरच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "हे बघ पोरी, तू वॉर्डातून आलीस. तिथं आपण माणसाला धरून ठेवतो, धड बरं होईपर्यंत उठू देत नाही. इथं सगळं उलटं. आलेलं मूल नीट तपासायचं आणि वर्गात परत पाठवायचं. ते परत पाठवणंच अवघड असतं. आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसत जा, नको वाटलं तरी."

नवी सिस्टर "हो हो" म्हणाली आणि तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. अपघात विभागात वर्षं काढलेल्या बाईला खरचटलेल्या गुडघ्यांचं काय एवढं.

सिस्टरची खोली शाळेच्या अगदी टोकाला होती, संगीताच्या वर्गाच्याही पलीकडे. एक खाट, औषधांचं कपाट, वजनकाटा आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. वॉर्डात पाठ टेकायला फुरसत नसायची, पण हाक मारली तर ओ द्यायला माणूस असायचं. एकीचा नवरा, दुसरीची सासू, तिसरीचं सुजलेलं पाऊल, सगळ्याचा समाचार पट्ट्या बांधता बांधता घेतला जायचा. इथं मुलं यायची, कळवळायची आणि निघून जायची. घरी भाड्याची खोली. आई दादाकडे राहायची. फोनवर वहिनीच्या तक्रारी सांगता सांगता तिचा दम संपायचा आणि 'तू कशी आहेस' हे विचारायचं राहून जायचं.

शिक्षकांच्या खोलीत ती गेली नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन गेली. दारात पाऊल टाकलं तशा सगळ्या माना वर झाल्या आणि गणिताचे सर खुर्चीवरून अर्धवट उठत म्हणाले, "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही. जेवायला आले."

"असं होय," म्हणून सगळे हसले, तीही हसली. पण दुसऱ्या दिवशीही तेच. ती दिसली की कुणाचं तरी काहीतरी मोडलंय, हे शाळेने धरूनच ठेवलं होतं. यमाच्या दूतालासुद्धा याहून बरा पाहुणचार मिळत असेल. मग ती आपला डबा आपल्या खोलीत खाऊ लागली.

अशातच ती मुलगी आली. चौथीतली, काटकुळी, एका हाताने पोट धरून. तिसरा तास चालू होता. सिस्टरने ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं, काय खाल्लं ते विचारलं. काही सापडेना. गरम पाण्याची पिशवी दिली आणि खाटेवर निजवलं. थोड्या वेळाने मुलगी उठून बसली आणि म्हणाली, "माझी मावशी झोपेत भाडेकरूंशी भांडते."

सिस्टरला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला पोट पुन्हा दुखलं. तिसऱ्या दिवशीही. हे दुखणं पोटातलं नाही हे सिस्टरला केव्हाच कळलं होतं. तेवढं न कळायला ती काही काल नर्स झाली नव्हती. मुलगी नव्या शाळेत आली होती, वर्गात तिला कोणी विचारत नव्हतं आणि तिसऱ्या तासाला बाई गट करून बसवायच्या. हिला कुठलाच गट घेत नसे. सगळं सरळ दिसत होतं. पण सिस्टर स्वतःला सांगायची की लक्ष ठेवलेलं बरं. वॉर्डात असंच करतात, कारण सापडेपर्यंत रोगी सोडत नाहीत.

लक्ष ठेवणं म्हणजे काय, तर दोघी कापसाचे बोळे करत बसायच्या. मुलगी बोटं चालवायची आणि तोंडही. मावशीचे भाडेकरू, मावशीची कुबट कपाटं, मावशीला न आवडणारी माणसं, म्हणजे जवळजवळ सगळीच. सिस्टर तिला वॉर्डातले किस्से सांगायची. दुसरा तास संपल्याची घंटा झाली की सिस्टरचं लक्ष दाराकडे जायचं. रविवार तिला नकोसा होऊ लागला.

आणि एक दिवस मुलगी आलीच नाही.

तिसरा तास अर्धा सरला. सिस्टरने कपाट उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. शाळेत तर आली होती, सकाळी फाटकाशी दिसली होती. मग काय झालं? वॉर्डात नर्स रोग्याची वाट बघत बसत नाही, उठून त्याच्या खाटेपाशी जाते. तीच सवय अंगात. तिने थर्मामीटर उचललं आणि थेट चौथीच्या वर्गात गेली.

वर्गात मुलं घोळक्याघोळक्याने बसून कागदाची घरं करत होती. खिडकीजवळच्या घोळक्यात ती मुलगी होती. गुडघ्यांवर बसली होती, बोटं डिंकाने चिकट झाली होती आणि शेजारची मुलगी तिला काहीतरी दाखवत होती.

"काय गं, पोट कसं आहे आज?" सिस्टरने दारातूनच विचारलं.

सगळा वर्ग वळला. मागून कोणीतरी "पोटदुखी, पोटदुखी" म्हणालं आणि खसखस पिकली. मुलीचा हात आपोआप पोटावर गेला. ती उठली. ती उठताच शेजारच्या मुलीने कागद पुढे सरकवून तिची जागा भरून टाकली.

वर्गशिक्षिका सिस्टरच्या मागोमाग बाहेर आल्या. आवाज चढवला नाही, पण चेहरा रागाने लाल झाला होता. "सिस्टर, आज पहिल्यांदा त्या पोरींनी तिला आपणहून बोलावलं होतं. माझ्या किती दिवसांच्या खटपटीनंतर. तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

मुलगी तिच्याबरोबर खोलीपर्यंत आली, खाटेवर बसली आणि बोटांवरचा डिंक खरवडत राहिली.

संध्याकाळी सिस्टरने मोठ्या सिस्टरना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"दुखणं तिचं होतं खरं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पण औषध कोण घेत होतं गं?"

सिस्टरला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही. मोठ्या सिस्टरनी तिला रडू दिलं, आणि मग म्हणाल्या, "उद्या येईल ती. आता तर नक्की येईल. तपास आणि वर्गाच्या दारापर्यंत सोडून ये."

मुलगी आली. तिसऱ्या तासाला, पोट धरून. सिस्टरने ताप पाहिला, पोट पाहिलं. मुलगी सवयीने खाटेवर चढायला लागली तसा सिस्टरने तिचा दंड धरला.

"ताप नाही बाळा. चल, मी येते दारापर्यंत."

"पिशवी?"

"आज नाही."

मुलीने कपाटाकडे बोट दाखवलं. "कापूस राहिलाय तो?"

"मी करेन."

"तुम्ही रागावलात? मी नको का तुम्हाला?"

या प्रश्नाला वॉर्डात कुठलीच गोळी नव्हती. तू ये, रोज ये, तू आलीस की माझा दिवस बरा जातो, हे सगळं सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "काल मीच चुकले. तुला सगळ्यांसमोर उठवायला नको होतं. आता जा."

वर्गाच्या दाराशी मुलगी थबकली. सिस्टरने तिचा हात सोडला आणि ती आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या आठवड्यात मुलगी अजून एकदा आली आणि तशीच परत गेली. मग आली नाही. सिस्टरने कान दाराकडे लावून कित्येक तिसरे तास काढले, पण खोलीतून हलली नाही.

बरेच दिवस उलटल्यावर, मधल्या सुट्टीत, ती मुलगी लंगडत आली. गुडघा सोलवटलेला, धुळीने माखलेली, आणि बरोबर कागदाच्या घराची ती शेजारीण. सिस्टरने जखम धुतली, हळूच फुंकर घातली. मावशी कशी आहे, हे विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "लवकर करा ना सिस्टर, आमचा डाव राहिलाय."

शेजारीण खोली न्याहाळत होती. मुलीच्या कानाशी लागून तिने विचारलं, "तू ओळखतेस यांना?"

"हो," मुलगी म्हणाली. "या सिस्टर. पट्टी लावतात."

सिस्टरने पट्टीचं टोक दाबून बसवलं. तिला फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईट वाटलं. "झालं," ती म्हणाली, "पळा आता." आणि दोघी पळाल्या.