टायरची दमणी

गोजरबाईने चिमटा टायरच्या खाचेत घातला आणि काटा हळूच ओढून काढला. बाभळीचा होता, चांगला बोटभर. तिने तो उन्हात धरून पाहिला आणि शेजारच्या मातीच्या परळात टाकला. परळात आधीचे काटे होतेच. बैलांची ही टपाची दमणी नुसती गोठ्यापासून मळ्यातल्या विहिरीपर्यंत फिरवून आणली होती, तरी एवढे निघाले होते.

"रबराले काटे लागतातच, वहिनी," मोतीराम सुतार दमणीखालून म्हणाला. तो पाठीवर पडून कमानपाट्याचे नट आवळत होता. "एवढे काढत बसू नका. आतवर जात नाईत ते."

"अन् एखादा गेला तर?"

"मालकायनं पंप आणला ना."

"अन् पंपानंबी हवा राह्यली नाई तर? तठी पूर्णेच्या काठी कोण हाय आपलं?"

मोतीरामने पाना दुसऱ्या नटाला लावला. सकाळपासून तिच्या 'तर'ला उत्तरं देऊन तो थकला होता.

टायरच्या गाड्या तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या. नांदुऱ्याच्या बाजारात सरकीची पोती भरून एखादी येई, तर माणसं वळून पाहत. पण बायकामाणसांच्या दमणीला टायर पंचक्रोशीत कुणी लावले नव्हते. गोजरबाईच्या नवऱ्याने, उकंडरावांनी, आजोबांच्या वेळची दमणी उतरवली, लोखंडी धावेची चाकं गोठ्यामागे टेकवून ठेवली, मोडीत निघालेल्या मोटारगाडीचा आख आणि टायर आणले, गाडीच्या साट्याखाली हादरे झेलायला कमानपाटे बसवून घेतले. टपावरचा जुना तट्ट्या काढून ताडपत्री ताणली. गावातली रिकामी माणसं रोज पाहायला येत.

"उकंडराव, याच्यात पेट्रोल कुठून टाकता?" महादेवराव एक दिवस विचारून गेले.

"बैलाच्या तोंडातून," उकंडराव म्हणाले, आणि सगळे हसले. गोजरबाई हसली नाही. ती ताडपत्रीची शिवण बोटाने चाचपत होती.

दोन वर्षांपूर्वी याच दमणीतून त्यांची कोकिळा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत होती. गोजरबाई तिला आणायला स्वतः तिच्या सासरी नांदुऱ्याला गेली होती. कोकिळेला सातवा लागला होता. गाव जवळ आलं आणि खडकी नाल्यात चाक दगडावरून घसरून खाली आदळलं. कोकिळेने आईचं मनगट धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही. त्या रात्री सगळं संपलं.

नांदुऱ्याच्या घरून त्यानंतर कुणी वावगा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं गोजरबाईला वाटे.

आता कोकिळेला पुन्हा दिवस गेले होते. पोरीचा जीव आईकडे ओढत होता. एसटी फाट्यापर्यंतच येई, आणि मागच्या बाकावर बसलेलं माणूस टपाला डोकं आपटत येई. तिचं तर नावच नको. जावई उद्धवराव नांदुऱ्याच्या बाजार समितीत कारकून होते. ते मधे एका रविवारी येऊन गेले, चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आई म्हणते, बाळंतपण माहेरीच व्हावं, तिची ना नाई. पण गाडी पाह्यल्याबिगर पाठवणार नाई."

त्याच आठवड्यात उकंडरावांनी चाकं उतरवली होती.

दमणी तयार झाली तेव्हा सगळ्यांचं समाधान झालं, एका गोजरबाईचं सोडून. उकंडरावांनी तिला गादीवर बसवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. ती म्हणाली, बरी वाटते. पण आपल्याला काय वाटतं यावर तिचा भरवसा नव्हता. तिचं अंग कष्टाचं, त्याला हादरा कळायचा नाही.

संध्याकाळी तिने रुंद तोंडाच्या गाडग्यात विरजण लावलं. सकाळी ते गाडगं दोन्ही हातांत धरून ती दमणीजवळ आली आणि गादीच्या मधोमध ठेवून स्वतः शेजारी बसली.

"हे काय?" उकंडरावांनी विचारलं.

"दही."

"बजारात इकतं काय?"

"तुमी हाका. हे मोडलं नाई तर गाडी चांगली."

उकंडरावांनी कासरा हातात घेतला. "कुठून नेऊ? खडकीकडून?"

"नाई," ती चटकन म्हणाली. "वरवटच्या रस्त्यानं घ्या."

वरवट बकालच्या रस्त्यावर त्या वर्षी नवा मुरूम पडला होता. दमणी जाऊन आली. गोजरबाईने झाकण उचललं तेव्हा साय होती तशी होती. कडेला पाण्याचा थेंबही सुटला नव्हता. तिने ते दही मोतीरामला आणि शेजारणींना भाकरीबरोबर वाढलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

"खडकीतून नेलं व्हतं काय?" मोतीरामने घास मोडत विचारलं.

"रस्ता रस्ताच असते," गोजरबाई म्हणाली आणि त्याने नको म्हणायच्या आत आणखी एक पळी दही त्याच्या ताटात घातलं.

उकंडराव पहाटे निघाले. गोजरबाईने गादीवर दोन गोधड्या जास्तीच्या घातल्या, टायरवरून एकदा हात फिरवला आणि सांगितलं, "इहीनबाईले दह्याचं सांगजा. नुसती गाडी पाहून त्यायले काय कळीन?"

"सांगतो."

"अन् कोकीले मधात बसवा. मांगं नाई."

"हाव."

दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आत ते परतणार होते. गोजरबाईने माजघर सारवलं, बाज टाकली, शेवया काढून ठेवल्या, पुन्हा झाकून ठेवल्या. दुपार टळली तशी ती ओट्यावर येऊन बसली. जुन्या दमणीची चाकं मारुतीच्या पारापासून ऐकू येत. त्यांचा खडखडाट तिच्या ओळखीचा होता. गावात दहा गाड्या आल्या तरी आपली कोणती हे ती चुलीपुढून सांगायची. आज ती कान लावून बसली आणि काहीच येईना. उन्हं भिंतीवरून उतरली. तिने वाटेवर जाऊन पाहिलं, परत आली. टायर बसला असेल, असं मनात आलं. त्यापुढचं मनात येऊ नये म्हणून ती तुळशीजवळची धुतलेली फरशी पुन्हा धुऊ लागली.

मग घुंगरं वाजली. नुसती घुंगरं, चाकांचा आवाज नाही. बैल गाडी टाकून मोकळेच घरी येत असावेत तसा तो आवाज वाटला, आणि तिच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला. टायरला आवाज नसतो हे तिला दमणी दारात उभी राहिल्यावर आठवलं.

उकंडराव खाली उतरले. तिच्याकडे न पाहता बैलांच्या मानेशी वाकले. पडदा बाजूला झाला आणि आधी एक चापूनचोपून नेसलेलं लुगडं दिसलं, मग चष्मा. जनकाबाई. कोकिळेची सासू. लग्नानंतर ती या दारी आली नव्हती. तिचे गुडघे दुखत, ती कुठेच जात नसे.

तिच्यामागे गादी रिकामी होती.

"कोकी?" गोजरबाईने विचारलं.

"बरी हाय. जेवून झोपली व्हती आमी निंघालो तवा," जनकाबाई म्हणाली. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, ते तिने सांभाळून पुढे केलं. "हे धरा पहिले. मंग मले उतरवा."

गोजरबाईने ते घेतलं. गाडगं होतं.

ओट्यावर बसून जनकाबाई पाणी प्याली. पाय लांब करून गुडघे चोळले. गोजरबाई समोर उभीच होती. तिला बसायचं सुचत नव्हतं.

"तुमच्या मालकायनं दह्याची गोष्ट सांगतली," जनकाबाई म्हणाली. "मले काई झोप आली नाई. म्हनलं, त्यायच्या रस्त्यानं त्यायचं दही गेलं. आपल्या रस्त्यानं आपलं गेलं पाह्यजे. उठली अन् इरजन लावलं."

"तुमी एवढ्या दूर..."

"सोडा ते फडकं."

गोजरबाईने गाठ सोडली. दही मधोमध फाटलं होतं. भेगेत पाणी उभं होतं.

"मी साऱ्या वाटीनं झाकण उचलून पाह्यलं," जनकाबाई म्हणाली. "पूर्णेच्या पुलावर चांगलं व्हतं. तालुक्याच्या जळगावातबी चांगलं व्हतं. गाडी तुमची चांगली हाय, मी नावं ठेवत नाई. मंग इकडं एक नाला लागला. काय म्हनतात त्याले?"

"खडकी," उकंडराव बैलांजवळून म्हणाले.

गोजरबाई गाडग्याकडे पाहत राहिली. वरवटचा रस्ता आपण का धरला होता, हे तिला आता कळलं असं नव्हतं. तेव्हाही कळत होतं.

जनकाबाईने चष्मा काढून पदराला पुसला. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मागच्या बारीले..."

"तिथीच," गोजरबाई म्हणाली.

दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

जनकाबाईने चष्मा लावला, गाडग्यावर झाकण ठेवलं आणि ते नीट बसवलं.

"मंग तेवढं पायी चालू," ती म्हणाली. "गाडी रिकामी काढा नाल्यातून. तिचा एक हात तुमी धरा, एक मी धरीन."

"तुमी पुन्हा येसान?"

"मंग काय तिले तुमच्यासंगं येकलीले सोडू?" जनकाबाई म्हणाली. बोलण्यात धार होती, पण बोलता बोलता तिने सरकून ओट्यावर गोजरबाईसाठी जागा केली. "बसा आता. अन् ते दही टाकू नका. कढी करा. आंबट हाय, चांगली होईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळेला आणायला तिघंही निघाली. उकंडरावांनी टायरची हवा अंगठ्याने दाबून पाहिली, गोजरबाईने चारदोन काटे काढले. थंडीचे दिवस होते. दोघी विहिणींच्या पायांवर एकच गोधडी होती.

नाल्याचा उतार आला तशी गोजरबाई म्हणाली, "थांबवा."

उकंडरावांनी कासरा ओढला. ती उतरली. दोन वर्षं ती या वाटेने आली नव्हती. नाला तेवढाच होता. तिला वाटत होतं त्याहून लहानच. गाडीच्या चाकोरीत गुळगुळीत धोंडे पडले होते, काही मुठीएवढे, काही डोक्याएवढे. ती खाली वाकली. पहिला दगड उचलला आणि फेकायच्या ऐवजी पदराच्या ओच्यात घेतला. मग दुसरा घेतला. ओचा भरला तशी काठापर्यंत चालत गेली, दगड तिथे ओतले आणि परत आली.

उकंडराव खाली उतरू लागले.

"तुमी बैल धरा," मागून जनकाबाई म्हणाली. ती दमणीच्या दांडीला धरून एकेक पाय टेकत उतरत होती. नाल्यात येऊन तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, वाकली, आणि दुसऱ्या हाताने पदर पसरला.