माझ्या अंगावरच्या वीस फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना टेनिसचा चेंडू आहे. टेनिसचा आपला म्हणायला. रॅकेट कशी असते ते मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. माझ्या पोटावर फुलीसारखी चीर आहे आणि अंगावरची पिवळी लव एका बाजूने पार काळी पडली आहे. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण हा काळा रंग कुठून आला, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन रबरी वाट्या तोंडाला तोंड लावून चिकटवल्या, वरून लव डकवली आणि झालो मी गोल गरगरीत. डब्यात आम्ही तिघे भाऊ होतो. त्या दोघांचं पुढे काय झालं कोण जाणे. मला एका कारागिराने आपल्या लहान लेकीसाठी विकत घेतलं.

हा कारागीर घराघरांतून विनाइलची फरशी बसवायचा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. त्यांनी जोडलेल्या सांध्यात नखसुद्धा शिरत नसे. काम झालं की ते खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून पोटावर झोपत, गाल फरशीला टेकवत आणि एक डोळा मिटून पाहत. कुठे फुगवटा, कुठे ओरखडा, काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आपल्या घरात तर त्यांनी दुधाळ रंगाचं विनाइल घातलं होतं, बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अखंड. त्या फरशीवर त्यांचा जीव होता.

आणि लेकीचा जीव होता माझ्यावर. ती मला भिंतीवर आपटायची आणि धावत झेलायची. धावताना तिच्या शाळेच्या बुटांचे काळे तळवे फरशीवर घासायचे आणि दुधाळ विनाइलवर काळ्या रेघा उमटायच्या. संध्याकाळी मिस्त्री घरात पाऊल टाकत तेच कपाळाला आठ्या घालून.

"कोण नाचलं माझ्या फरशीवर?"

"चेंडू नाचला, बाबा," लेक साळसूदपणे सांगायची.

एकदा त्यांनी मला उचललं. "चेंडूने घाण केली ना? मग चेंडूच पुसेल," असं म्हणून त्यांनी मला त्या काळ्या रेघेवर घासलं. आणि काय सांगू, रेघ गेली! मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कटरने माझ्या पोटाला फुली मारली आणि मला एका काठीच्या टोकावर बसवलं. लेक दोन दिवस बापाशी बोलली नाही. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? चेंडू म्हणून जन्मलो आणि फडकं म्हणून जगायची वेळ आली.

पण हळूहळू मला त्या कामाचा अभिमान वाटू लागला. मिस्त्री मला गिऱ्हाइकांकडे घेऊन जायचे आणि ऐटीत सांगायचे, "बुटाचा डाग पडला तर आधी कोरड्या चेंडूने घासा. नाहीच हलला तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि मऊ फडक्याने पुसा. तारेची घासणी लावाल तर डागही जाईल आणि चमकही जाईल. मग मला बोलावू नका." लोक माझं कौतुक करायचे. दर रविवारी मिस्त्री मला साबणाच्या पाण्यात चोळून धुवायचे, कारण एक गोष्ट फक्त त्यांना आणि मला ठाऊक होती. डाग कुठे नाहीसा होत नसतो. तो फरशीवरून उठतो आणि माझ्या अंगावर येतो.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. फरशीवर रेघा उमटेनाशा झाल्या आणि मी दाराआड काठीवर डुलक्या काढू लागलो. मिस्त्रींना मात्र चैन पडत नसे. ते उगीच मला हातात घेऊन स्वच्छ फरशीवर फिरवत. त्यांची बायको, म्हणजे आमची बाई, हसून म्हणायची, "अहो, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही म्हणतात ते खरंच. बसा जरा माझ्याजवळ." ते "आलोच" म्हणायचे आणि आणखी एक कोपरा पुसायचे.

मग एके सकाळी ती चहाचा कप उचलायला गेली आणि कप तिच्या हातातून निसटला. डावा हात उचलेना, डावा पाय उचलेना. दीड महिना ती दवाखान्यात होती. घरी आली ती चाकांच्या खुर्चीत बसून.

व्यायाम शिकवायला एक ताई यायची. तिने मिस्त्रींना अगदी बजावून सांगितलं, "काका, यांना खुर्चीवर नुसतं बसवून ठेवू नका. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत रोज दहा फेऱ्या, स्वतःच्या हाताने. अंग हललं पाहिजे, श्वास खोल गेला पाहिजे. बसून राहिल्या तर छातीत कफ साठेल आणि मग ते महागात पडेल."

मग काय, बाई उजव्या हाताने चाक ढकलायची, उजव्या पायाने जमीन रेटायची. खुर्ची सारखी डावीकडे कलायची. ती दात आवळून तिला पुन्हा रस्त्यावर आणायची. चाकांचं रबर काळंभोर होतं. दर वळणाला दुधाळ विनाइलवर डावीकडे झुकलेली एक काळी कमान उमटायची. दहा फेऱ्या म्हणजे वीस वळणं, वीस कमानी. बाईच्या मागोमाग मिस्त्री, आणि मिस्त्रींच्या हातात मी. ती पुढे आखायची, आम्ही मागे पुसायचो. "अहो, निदान मला पुढे तरी जाऊ द्या," ती म्हणायची आणि दोघं हसायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

मग तो मंगळवार आला. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक डाग काही केल्या हलेना. मिस्त्रींनी मला काठीवरून काढलं, गुडघ्यांवर बसले आणि जोर लावून घासू लागले. डाग निघाला, पण त्यांच्या कमरेत अशी कळ आली की ते तिथेच आडवे झाले. त्यांना उठता येईना. बाई खुर्चीतून वाकून आपला उजवा हात पुढे करत होती. हात वीतभर कमी पडत होता. शेवटी शेजारचे कुणीतरी हाक ऐकून आले. तोवर अर्धा तास ती दोघं तशीच होती, ते जमिनीवर आणि ती हात पुढे करून.

पलंगावर पडल्यावर मिस्त्री हसत म्हणाले, "तुझ्या चाकांनी माझी कंबर मोडली बघ!"

ते थट्टेने म्हणाले होते. मी शपथेवर सांगतो, ती थट्टाच होती. बाईसुद्धा हसली. पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मिस्त्री पडून होते, त्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं.

चार दिवसांनी कंबर सावरली आणि मिस्त्री पुन्हा कामावर जाऊ लागले. संध्याकाळी आल्या आल्या विचारायचे, "अगं, झाल्या का फेऱ्या?"

"झाल्या की दहा," ती खिडकीपाशी बसून सांगायची.

खोटं होतं ते. मी दाराआडून दिवसभर बघत होतो. ती सकाळी खिडकीपाशी जी बसायची ती संध्याकाळपर्यंत तिथेच. ताईचं येणंही ठरल्याप्रमाणे संपलं होतं, त्यामुळे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मिस्त्री फरशीवर नजर फिरवायचे आणि खूश व्हायचे. "वा! आता तुला वळणं जमायला लागली. एक डाग नाही!"

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटायचं. अहो मिस्त्री, जन्मभर तुम्ही फरशी वाचलीत ना? मग आज ती काय सांगतेय ते वाचा! चाकं फिरली असती तर कमानी उमटल्या नसत्या का? पण चेंडूला तोंड नसतं. माझ्या पोटाची चीर नुसतीच उघडी राहिली.

तिसऱ्या आठवड्यात बाईला खोकला लागला. मग ताप आला. मग श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागली. तिला पुन्हा दवाखान्यात नेलं आणि या वेळी खुर्ची रिकामीच परत आली.

लेक आली. दहा-बारा दिवस राहिली. एका दुपारी मिस्त्री तिला सांगत होते, "दहा फेऱ्या करायची गं रोज. एक दिवस चुकवला नाही तिने. तरी कसा साठला कफ?"

लेकीने बापाचा हात धरला. मग म्हणाली, "बाबा, आई फेऱ्या करत नव्हती. मला फोनवर बोलली होती. म्हणाली, त्यांची कंबर जरा बरी होऊ दे, मी डाग पाडले की ते वाकणार. मग करीन परत सुरू. तुम्हाला सांगू नको म्हणाली." आणि ती रडू लागली. "मी सांगायला हवं होतं, बाबा. माझंच चुकलं."

 मिस्त्रींनी फरशीकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना ती वाचता आली. दुसऱ्यांच्या घरातला केसाएवढा ओरखडा शोधणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग ते पोटावर झोपले आणि गाल विनाइलला टेकवला. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. एक डोळा मिटून ते दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सरपटत गेले, पलंगाखाली गेले, कपाटामागे गेले. ते तिची एखादी कमान शोधत होते. डावीकडे झुकलेली, राहून गेलेली, निदान एक. एकही नव्हती. आम्ही दोघांनी काम चोख केलं होतं.

मग ते उठले आणि रिकामी खुर्ची ढकलू लागले. जोर लावून वळवली. काळ्या खुणा उमटल्या, पण त्या डावीकडे झुकलेल्या नव्हत्या, दोन्ही हात धड असलेल्या माणसाच्या होत्या. बैल गेला अन् झोपा केला. त्या खुणांकडे बघून ते मोठ्याने रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

लेकीला वाटलं, फरशी खराब झाली म्हणून त्यांना आणखी त्रास होतोय. ती मला घेऊन आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "ई, केवढा काळा झालाय हा! थांबा, आधी धुऊन आणते."

"नको!" मिस्त्री ओरडले.

त्यांनी मला काठीवरून काढलं आणि उजेडात धरलं. त्यांना आठवलं. रविवारी मला धुतलं होतं. सोमवारी बाईने दहा फेऱ्या केल्या, मंगळवारी दहा. पुढच्या रविवारी कमरेला जपायचं म्हणून मला धुवायचं राहिलं, आणि त्यानंतर पुसायला काहीच नव्हतं, म्हणून धुवायचं कारणही पडलं नव्हतं. माझ्या काळ्या लवेवरून त्यांनी अंगठा फिरवला, सांध्यावरून फिरवायचे तसाच, हलक्या हाताने.

"हा काळा रंग तिचा आहे," ते लेकीला म्हणाले. "सगळ्या यातच आहेत बघ. वीस फेऱ्या."

आता मी चाकांच्या खुर्चीच्या बैठकीवर असतो. मिस्त्रींच्या खुणा फरशीवर तशाच आहेत, त्या कोणी पुसत नाही. रोज सकाळी ते माझ्यासमोर स्टूल घेऊन बसतात. तिने "बसा जरा माझ्याजवळ" म्हटल्यावर जितका वेळ बसायचं राहून गेलं, तितका वेळ बसतात.

मित्रांनो, फरशी स्वच्छ ठेवा. डाग पडला तर कोरड्या चेंडूने घासा, मी नाही म्हणत नाही. पण घरात डाग पाडणारं माणूस आहे, हे आधी पाहून घ्या. आणि एखाद्या दिवशी फरशी फारच लख्ख दिसली, तर खूश होऊ नका. आत जा आणि विचारा, आज तुझ्या फेऱ्या झाल्या का? ती हो म्हणाली, तरी पुन्हा एकदा फरशीकडे बघा.

मला मात्र धुऊ नका.