पाठीवरचा भाता

दादाने भाता माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला. "पट्टा पुन्हा बघ जरा. बाण हाताला येत नाहीत."

"आधी आखूड कर म्हणालास, केला. मग सैल कर म्हणालास, तोही केला. आता काय, चामडंच बदलू?"

"तुझं बक्कल चुकीच्या जागी बसलंय."

नाचता येईना, अंगण वाकडं. मी चामड्याचं काम करते. पिशव्या, कमरपट्टे आणि तीरंदाजांचे भाते. दादा थोरला भाऊ असला तरी माझ्या हातच्या कामाला त्याने नावं ठेवलेली मला चालत नाहीत. मी त्याला वरच्या फळीवरची दोऱ्याची डबी मागितली. त्याने डावा हात वर केला, कारण उजवा खांद्याच्या वर जातच नव्हता. थंडीत तो जिन्यावरून घसरला, तेव्हापासून तो खांदा आखडला होता, आणि घरात सगळे त्याविषयी मूग गिळून बसले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

गंमत अशी की धनुष्य त्याला ओढता येत होतं. ओढताना हात खांद्याच्या रेषेतच राहतो. पण पाठीवरच्या भात्यातून बाण काढायचा तर हात डोक्यामागे न्यावा लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

"मग कमरेचा घे ना," मी भिंतीवरच्या तयार भात्यांकडे बोट दाखवलं. "हात खाली सोडला की बाण."

"कमरेचा नवशिक्यांना."

हा नियम त्याच्या मंडळाचा, म्हणजे खरं तर त्याचाच. रविवारी सकाळी ही मंडळी गावाबाहेरच्या झाडीत जमतात. तिथे झाडांच्या आडोशाने निशाणं लावलेली असतात, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाऊन बाण मारायचे असतात. नवा माणूस आला की त्याच्या कमरेला मंडळाचा भाता बांधतात. त्याने एखाद्या हंगामात अख्खी फेरी नीट पार पाडली, की दादा सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पट्टा घालून पाठीला भाता देतो. आता त्याच लोकांपुढे हा कमरेला भाता बांधून उभा राहणार होय!

"त्यापेक्षा सोडून देईन मी," तो म्हणाला, आणि ते त्याने रागाने म्हटलं नाही, म्हणूनच मला भीती वाटली. तीरंदाजी सुटली तर हा माणूस खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढणार, आणि वहिनीला ते सगळं ऐकावं लागणार.

मधला मार्ग म्हणून मी धनुष्यालाच बसणारा छोटा भाता करून दिला. बाण अगदी हाताशी, पाठ नको की कंबर नको. मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर त्याने मारून पाहिले. पण दादाचं धनुष्य लाकडी आणि हलकं. भाता चढवला की ते एका अंगाला कलायचं, आणि एक बाण सुटला की उरलेले खडखडायचे.

"नाकापेक्षा मोती जड," म्हणत त्याने तो सोडून माझ्या हातात दिला. एवढं मात्र तो खरं बोलला.

पुढच्या रविवारी मी स्वतःच झाडीत गेले. पाहते तर दादा पाठीला तोच जुना भाता लावून झकास बाण मारतोय! क्षणभर मला माझ्याच पट्ट्याचा अभिमान वाटला. मग दिसलं, त्याच्या मागे वहिनी उभी होती. ती भात्यातून बाण काढायची, त्याच्या उघड्या तळव्यात ठेवायची, आणि तो मागे न बघता धनुष्याला लावायचा. सगळं बिनबोभाट. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

वहिनीही मंडळात होती. गेल्या वर्षीपासून कमरेचा भाता बांधून शिकत होती आणि चांगली मारत होती. या हंगामात तिची फेरी व्हायची होती. मी तिला बाजूला घेतलं.

"तुझं धनुष्य कुठंय?"

"घरी. दारामागे."

"आणि फेरी?"

"बघू पुढच्या वर्षी. मी मागे नसले तर हे यायचंच बंद करतील गं." मग हळूच म्हणाली, "ह्यांना काही बोलू नकोस हं."

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मी तिच्यावर सोडलं.

सोमवारी दादा पुन्हा पट्टा घेऊन हजर.

"दादा, वहिनी फेरी का करत नाही?"

"यंदा मन लागत नाही म्हणाली."

"आणि तुला ते पटलं? तिचा हात सारखा तुझ्या भात्यात. धनुष्य कुठल्या हाताने धरणार ती?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तिला माझ्याबरोबर यायला आवडतं."

"आवडतंच रे. बरोबर यायला आवडतं. तू तिला मागे उभं केलंयस."

बोलून गेले आणि मला त्याची फार दया आली. ती दिसू नये म्हणून मी उगाचच हातोडी आपटत बसले. बऱ्याच वेळाने त्याने भिंतीवरचा एक कमरेचा भाता उतरवला.

"हा नेतो. आणि त्या जुन्या भात्याचा पट्टा आखूड कर."

"परत?"

"तुझ्या वहिनीच्या मापाचा."

दुसऱ्या दिवशी तो दोऱ्याला गाठ मारून माप घेऊन आला. वहिनी पालथी पडून वाचत होती, तेव्हा घेतलं म्हणे. काय करताय, असं तिने विचारलं, तर याने पाठीवर मुंगी होती म्हणून सांगितलं.

रविवारी तो कमरेला भाता बांधून झाडीत आला. वहिनीचं धनुष्य त्याच्याच हातात होतं. मंडळातला सुतार म्हणाला, "काय, नव्याने नाव घातलंत की काय?"

"हो," दादा म्हणाला. "माझी फेरी व्हायचीय अजून. आज हिची आहे."

सगळे हसले, दादासुद्धा. वहिनी हसली नाही. तिने धनुष्य घेतलं आणि चालायला लागली. दादा तिच्या शेजारून चालत होता, एकही सूचना न देता, आणि त्याला ते किती जड गेलं असेल ते मीच जाणे. शेवटच्या निशाणातही तिचा बाण बसला.

मग त्याने मी बाण भरून आणलेला जुना भाता उचलला. गळ्यात पट्टा घालायला डावा हात वर गेला, उजवा खांद्यापाशीच अडला, आणि पट्टा तिरका लोंबत राहिला. आता ते सगळ्यांनाच दिसलं. वहिनी एक पाऊल पुढे आली आणि त्याच्या हाताइतकी खाली वाकली. त्याने पट्टा घातला. माप बरोबर होतं.

तिने हात मागे नेऊन एक बाण काढला. सवयीने दादाचा तळवा पुढे आला.

"तुमचे तुमच्या कमरेला आहेत," वहिनी म्हणाली, आणि तो बाण तिने आपल्या धनुष्याला लावला.